वऱ्हाडचा कापूस आणि लेकराचा लंगोट

घरात पाळणा हलला की सगळे बारशाच्या, नावाच्या आणि पाहुण्यांच्या गोष्टी बोलतात. पहिलटकरणीला मात्र रात्री दोन वाजता पडणारा प्रश्न फार साधा असतो. लेकरू ओले झाले, आता खाली काय घालू? आपल्या आयाआज्यांकडे या प्रश्नाचे उत्तर तयार होते. जुन्या सुती लुगड्याची, धोतराची मऊ फडकी, म्हणजेच लंगोट, बाळोती आणि दुपटी. आता ते उत्तर बदलले आहे. वस्तीतल्या किराणा दुकानातही शाम्पूच्या पुड्यांशेजारी डायपरच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. धुण्याचा लंगोट म्हणजे गरिबी आणि डायपर म्हणजे सुधारणा, असे अनेक तरुण मुलींच्या मनात बसत चालले आहे.

भगिनींनो, या प्रश्नाकडे चार बाजूंनी पाहावे असे आम्हाला वाटते. पहिली बाजू लेकराच्या कातडीची, दुसरी घरच्या पैशाची, तिसरी आईच्या कष्टाची. चौथी बाजू कोणी बोलत नाही. तो ओला कचरा शेवटी ज्याच्या हातात जातो, त्या माणसाची.

डायपरच्या आत असते काय?

बाजारातल्या डायपरला आतून पातळ, कापडासारखा दिसणारा थर असतो, पण तो कापसाचा नसतो. तो पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या धाग्यांचा असतो. मध्ये लाकडाच्या लगद्याचा भुसा आणि पाणी शोषून फुगणारी रासायनिक भुकटी असते. बाहेरून पुन्हा प्लास्टिकचा पापुद्रा. ती भुकटी लघवी धरून ठेवते, म्हणून लेकरू बराच वेळ कोरडे वाटते. हा डायपरचा गुण आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. कापडाचा लंगोट ओला होऊन तसाच राहिला, तर कातडी डायपरपेक्षाही लवकर लाल होते. कापड चांगले कधी? वेळेवर बदलले, स्वच्छ धुतले आणि कडक वाळवले तर. नाहीतर नाही.

डायपरचा तोटाही त्याच गुणात आहे. लेकरू कोरडे वाटते म्हणून आई सहा-सहा, आठ-आठ तास डायपर बदलत नाही. त्यात शी झालेली असली तर शी, लघवी, घाम आणि घासणे असे सगळे मिळून कातडी सोलते. अकोला-अमरावतीला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात टिनाच्या घरात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या लेकराचे काय होत असेल, ते आपण समजू शकतो.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचे असेच झाले. सासर अमरावतीचे, माहेर अकोल्याचे, पहिले बाळंतपण माहेरी आणि तेही ऐन उन्हाळ्यात. लेकराच्या जांघेत लाल चट्टे पडले. आईने पावडर थापली, तर चट्टे आणखी वाढले. चौदाव्या दिवशी आशाताई घरी आल्या तेव्हा त्यांनी पाहिले आणि डॉक्टरांकडे पाठवले. औषध लावले, पावडर बंद केली, दिवसा लेकराला उघडे ठेवून सुती लंगोट सुरू केले, तेव्हा कातडी निवली. मग त्या मुलीने आपल्या आजीजवळ बसून लंगोटाचा धडा घेतला. आजीचे काही सांगणे खरे निघाले, काही सोडून द्यावे लागले. तो सगळा धडाच आम्ही पुढे देत आहोत.

कापड कोणते, नग किती?

कापड शंभर टक्के सुती हवे. आजकालच्या बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या असतात, त्या पाणी शोषत नाहीत. ओळखायचे कसे? कापडावर पाण्याचा थेंब टाका. सुती कापड तो लगेच पिते, पॉलिस्टरवर तो घरंगळतो. आणखी एक खूण म्हणजे कापडाचा एक धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची गोळी बनते.

जुनी सुती साडी, धोतर, पांढरा पंचा, सुती बनियन हे सगळे चालते. नवे घ्यायचे तर अमरावतीला जवाहर गेटमध्ये, अकोल्याला टिळक रोडवर मांजरपाट आणि फलालीन मिळते. पण नवे मांजरपाट आणले आणि तसेच बांधले, असे करू नका. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असते, त्यामुळे कोरे कापड पाणी धरत नाही. ते एकदा उकळून चार-पाच वेळा धुतले की मऊ होते आणि शोषू लागते. जुने फडके नव्यापेक्षा चांगले, हे आजीचे म्हणणे म्हणूनच खरे आहे.

तान्हे लेकरू पहिल्या आठवड्यानंतर दिवस-रात्रीतून सहा-आठ वेळा तरी लघवी करते आणि आईच्या दुधावरचे लेकरू शीही अनेकदा करते. म्हणून लंगोट कमीत कमी २४, पावसाळ्यात बाळंतपण असेल तर ३६ तरी हवेत. सोबत आठ-दहा दुपटी आणि अंथरुणाखाली घालायला एक मेणकापड. दवाखान्यात जाताना धुतलेल्या, वाळवलेल्या फडक्यांची पिशवी आधीच भरून ठेवा. डफरीनला जा, लेडी हार्डिंगला जा की गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ती पिशवी कामी येतेच. पहिल्या दोन दिवसांची काळी-हिरवी चिकट शी सहसा डाग सोडते, त्यासाठी सर्वात जुनी फडकी ठेवा.

आता घडी घालून बटणे लावायचे तयार धुण्याचे लंगोटही मिळतात. मुंबईच्या पल्लवी उटगी यांनी सुरू केलेली सुपरबॉटम्स ही त्यातली एक नावाजलेली कंपनी. बाहेरून पाणी न झिरपणारा पातळ थर आणि आत सुती पट्ट्या, असा तो प्रकार. वस्तू उपयोगी आहे, पण एकेका नगाला काहीशे रुपये पडतात. आपल्या वस्तीत शिवणकाम येणाऱ्या बायका-मुली कमी नाहीत. जुन्या बनियनच्या चार-पाच घड्या शिवून आतली पट्टी घरीच होते. ती साध्या लंगोटात ठेवली की रात्रीची ओल बरीच धरली जाते.

बांधताना

चौकोनी फडक्याची तिरपी घडी घालून तीन टोके पोटावर आणायची, किंवा लांब पट्टी पुढून मागे घेऊन नाडीने बांधायची. करदोट्यात लंगोट खोचण्याची आपल्याकडे रीत आहे. पण लेकरू रोज वाढते आणि करदोटा तोच राहतो, मग तो कातडीत रुततो. त्यापेक्षा कापडी नाडी बरी. सेफ्टी पिन तर नकोच.

नाळ पडेपर्यंत लंगोट नाळेच्या खाली दुमडून ठेवा, नाळेला कोरडी हवा लागू द्या. तिला तेल, हळद, राख काही लावू नका. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळू नका. पाय सरळ राहावेत म्हणून बायका दुपटे आवळतात, पण तसे केल्याने खुब्याचा सांधा नीट बसत नाही. बेडकासारखे पोटाजवळ दुमडलेले पाय हीच तान्ह्या लेकराची योग्य ठेवण आहे. आणि मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे पुसावे.

लंगोटाचा एक मोठा फायदा पहिलटकरणीने लक्षात ठेवावा. लंगोट मोजता येतात. ‘माझे दूध पुरते का?’ ही प्रत्येक नव्या आईची काळजी असते, आणि त्या काळजीपोटी वरचे दूध, पाणी, घुटी सुरू होते. पहिला आठवडा उलटल्यावर दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, लघवीचा रंग फिका असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. सहा महिने दुसरे काही द्यायला नको, पाणीसुद्धा नको. उलट आठ तास लंगोट ओला झाला नाही, लघवी गडद पिवळी झाली, शी पांढुरकी मातकट झाली किंवा तीत रक्त दिसले, तर घरी बसू नका, दवाखाना गाठा. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन लेकरू तपासायचे असते. त्यांना हे सगळे विचारा, लाजू नका.

धुण्याची रीत

तान्ह्याच्या शीला वास कमी, म्हणून ती निरुपद्रवी असा समज आहे. तो चूक आहे. लेकराच्या शीतूनही हगवणीचे जंतू पसरतात. म्हणून शी आधी संडासात टाका, नालीत किंवा उकिरड्यावर नको. लघवीचे लंगोट लगेच साध्या पाण्यातून काढा. तसेच पडले की लघवीतून अमोनिया तयार होतो, तोच तो उग्र वास. शीचे लंगोट वेगळ्या बादलीत भिजवा आणि बादलीवर झाकण ठेवा. घरात दोन-तीन वर्षांचे लेकरू रांगत-चालत असेल तर उघडी भरलेली बादली जीवघेणी ठरते.

साबण बेताचा वापरा आणि तो पूर्ण निघेपर्यंत तीनदा खळबळा. सुगंधी मऊपणाचे द्रावण लंगोटाला लावू नका, त्याने कापड पाणी शोषेनासे होते. आठवड्यातून एकदा, आणि लेकराला हगवण किंवा चट्टे असतील तर रोज, लंगोट पातेल्यात उकळा. मग कडक उन्हात दोरीवर. कुंपणावर, झुडपावर किंवा जमिनीवर नको. काटे, कुसळे, मुंग्या चिकटतात. शेवटी स्वतःचे हात साबणाने धुवा.

जंतू मरावेत म्हणून फिनाईल किंवा तीव्र औषध टाकण्याचा मोह होतो. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९६७ मध्ये एका दवाखान्यात लेकरांची फडकी धुताना पेंटाक्लोरोफिनॉल असलेले रसायन वापरले गेले. ते तान्ह्यांच्या कातडीतून अंगात गेले आणि दोन लेकरे दगावली. तान्ह्याची कातडी पातळ असते, हे विसरू नये. आपल्याकडे ऊन आणि उकळते पाणी भरपूर आहे, तेवढे पुरे.

त्याच कारणाने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पेटीत जपून ठेवलेली जुनी फडकी बाळंतपणाला बाहेर निघतात, आणि त्या पेटीत डांबर गोळ्या टाकलेल्या असतात. काही लेकरांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. अशा लेकराला डांबर गोळीची वाफ लागली तर रक्तपेशी फुटतात आणि कावीळ डोक्यापर्यंत चढू शकते. आपले लेकरू त्यातले आहे का, हे वरून दिसत नाही. म्हणून बाळंतपणाच्या कपड्यांत डांबर गोळी ठेवूच नका. कडूनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि वापरण्याआधी फडकी धुऊन उन्हात घाला.

खारपाणपट्ट्यातल्या आईचे काय?

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर या भागातल्या बायका म्हणतील की तुमचे सांगणे ठीक, पण आमच्या पाण्याला फेसच येत नाही! पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारे आणि जड. साबणाची वडी अशा पाण्यात फेस न देता चिकट गाळ सोडते, तो कापडात बसतो आणि लंगोट पापडासारखा कडक होतो. तोच लेकराला घासतो. इथे वडीपेक्षा थोडी धुण्याची पावडर बरी, कारण जड पाण्यात ती गाळ कमी करते. पहिली धुणी विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने करा, पण शेवटचे खळबळणे गोड्या पाण्याचे असू द्या. मग ते वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेच्या नळाचे असो, शहानूरच्या योजनेचे असो की पावसाचे साठवलेले असो. शेवटच्या खळबळीचे पाणी फेकू नका, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुणीला किंवा संडासला वापरा. वाळल्यावर लंगोट हाताने चोळून मऊ करूनच बांधा.

पावसाळ्यात दमट लंगोट बांधण्यापेक्षा पंख्याखाली वाळवून वरून इस्त्री फिरवा. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाच्या शेगडीवर दोरी बांधून फडकी वाळवू नका. आगीची भीती आहेच, पण कोळशाच्या न दिसणाऱ्या विषारी वायूने आई आणि लेकरू दोघेही झोपेतच गुदमरू शकतात.

आता आजीच्या ज्या गोष्टी सोडून दिल्या त्या. लंगोट पिळला तर लेकराच्या पोटात पीळ पडतो, हे खोटे. पिळल्याशिवाय साबण निघत नाही. दिवेलागणीनंतर लंगोट बाहेर राहिला तर वारे लागते, हेही खोटे. रात्री दवाने कापड ओलसर होते आणि किडे बसतात, म्हणून ते आत घ्यायचे, एवढेच. कारण कळले की भीती उरत नाही.

पैशाचा हिशेब

धरा, एक डायपर दहा रुपयांना आणि दिवसाला पाच लागले. दिवसाचे ५० रुपये, महिन्याचे १५००, वर्षाचे १८ हजारांवर. रोजमजुरी करणाऱ्या घरात हे लहान पैसे नाहीत. त्यात बाळंतिणीचे दूध-अंडी, डाळ, हिरवी भाजी बसते. घरच्या फडक्यांना मात्र साबणाचाच खर्च, आणि ती दुसऱ्या लेकरालाही चालतात.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २००८ मध्ये याचाच हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत एका लेकराच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो आणि धुण्याच्या लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो कार्बन वायू हवेत जातो, असे त्यात निघाले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण लंगोट पूर्ण भरलेल्या मशीनमध्ये धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या लेकराला तेच वापरले, तर सुमारे २०० किलो वाचतात असेही त्यांनी सांगितले. तिकडे ज्यासाठी सल्ला द्यावा लागतो, ते दोरीवरचे वाळवण आपल्या अंगणात रोजच होते. आपण कापूस वेचायचा, गठाणी बाहेर पाठवायच्या आणि आपल्याच लेकराला प्लास्टिक गुंडाळायचे, हा व्यवहार वऱ्हाडाला शोभत नाही.

धुणार कोण?

इथवर वाचून एखादी बहीण म्हणेल की हे सगळे मलाच करायचे ना? तिचा प्रश्न रास्त आहे. दिवसाला वीस फडकी, ओली बाळंतीण, टाके, अर्धवट झोप. ‘जुन्या बाया करत होत्या’ असे म्हणून हे काम तिच्या डोक्यावर टाकणे म्हणजे तिला डायपरकडे ढकलणेच आहे.

मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे. दुसऱ्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ मध्ये देशभरासाठी कायदा आला आणि २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या आईला ही रजा कोण देणार? तिची विश्रांती घरच्यांनीच द्यायची असते. लंगोट बापाने धुवावेत, यात कसला कमीपणा? सकाळी कामावर जाण्याआधी एक बादली त्याची, संध्याकाळची बादली आत्याबाईंची किंवा दिराची, अशी वाटणी होऊ शकते. लेकरू दोघांचे, तर त्याचा लंगोटही दोघांचा.

आणि प्रवासात, आजारात, रात्री अंगात त्राण नसताना डायपर वापरला तर आईने मनाला लावून घेऊ नये. बडनेऱ्याहून अकोल्याला गाडीने जाताना कुठे लंगोट धुणार? फक्त तीन-चार तासांनी बदला, शी झाली की लगेच बदला.

शेवटी कोणाच्या हातात?

वापरलेला डायपर आपण पिशवीत कोंबून घंटागाडीत टाकतो आणि विसरतो. अमरावतीत तो सुकळीच्या कंपोस्ट डेपोकडे जातो, अकोल्यात नायगावच्या डम्पिंगकडे. त्याआधी कोणीतरी तो हाताने वेगळा करतो. डायपर कुजत नाही, भंगारात विकला जात नाही, नालीत टाकला तर फुगून नाली तुंबवतो आणि ती उपसायलाही माणूसच उतरतो.

तो माणूस कोण असतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही. गावोगावी सुईणपण आणि बाळंतपणाची घाण काढण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या बायकांच्या वाट्याला आले होते. हाताने मैला उचलायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. पण उघड्या डायपरमधला मैला कचऱ्याच्या ढिगातून हाताने उचलला जातो, तेव्हा नाव बदलते, काम तेच राहते. महापालिकेच्या सफाईत, कचरावेचणीत राबणारे आपलेच भाऊबहीण आहेत.

म्हणून डायपर वापरलाच तर त्यातली शी आधी संडासात टाका. मग तो घडी करून कागदात घट्ट गुंडाळा, त्यावर लाल खूण करा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या. वापरलेला डायपर गुंडाळून द्यावा, असे २०१६ च्या घनकचरा नियमांतही सांगितले होते. आणि घरी असताना लंगोटच बांधा. आपल्या लेकराचा मैला आपण धुवावा, तो दुसऱ्याच्या हातावर ठेवू नये. एवढे आपल्या घरापासून सुरू करणे कोणत्याही आईबापाला जमण्यासारखे आहे.